सीएफएची तयारी बेळगावात राहूनही होऊ शकते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या शहरातील चौकाचौकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत खासगी क्लासेसच्या जाहिराती झळकू लागतात. पूर्वी त्यांत सीए, बँकिंग आणि स्पर्धा परीक्षा एवढीच नावे असत. अलीकडे चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, म्हणजेच सीएफए, हे नावही ठळकपणे दिसते. गुंतवणूक व्यवस्थापनाच्या क्षेत्रात जगभर मानली जाणारी ही परीक्षा सीमाभागातल्या मराठी मुलामुलींना आपल्या आवाक्यातली वाटू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तिच्याविषयी पसरणारी अपुरी माहिती आणि तयारीची रूढ होऊ लागलेली पद्धत पाहून हे पत्र लिहिणे आवश्यक वाटले. मी बेळगावात वाणिज्य शाखेला शिकवतो आणि कॉलेजची वेळ संपल्यावर या परीक्षेला बसू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना जमेल तशी मदत करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, निदान पहिल्या लेव्हलची तयारी करण्यासाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहण्याची गरज नाही. ती बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत राहून, नोकरी सांभाळूनही करता येते. उणीव आहे ती एकत्र बसून अभ्यास करण्याच्या जागेची आणि शिस्तीने केलेल्या सरावाची, आणि ती येथील वाचनालयांना व शिक्षणसंस्थांना फारसा खर्च न करता भरून काढता येईल.

आधी परीक्षेचे स्वरूप स्पष्ट करतो, कारण जाहिरातींत नेमके तेच गाळलेले असते. अमेरिकेतील सीएफए इन्स्टिट्यूट ही संस्था ही परीक्षा घेते आणि पहिली परीक्षा १९६३ साली झाली. एकूण तीन लेव्हल आहेत. पहिलीत १८० प्रश्न असतात. सव्वादोन तासांची दोन सत्रे, प्रत्येकात ९० प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. दुसऱ्या लेव्हलमध्ये एखादा प्रसंग सविस्तर देऊन त्यावर प्रश्न विचारतात आणि तिसरीत काही उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात. पहिली लेव्हल वर्षातून चार वेळा, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये, संगणकावर घेतली जाते. पदवी पूर्ण होण्यास २३ महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल तर कॉलेजात असतानाच तिला बसता येते, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. कोणतीही लेव्हल जास्तीत जास्त सहा वेळा आणि एका वर्षात दोनदाच देता येते. तिन्ही लेव्हल उत्तीर्ण होऊन, किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवल्यावरच सनद मिळते. त्यामुळे 'एका वर्षात सीएफए व्हा' असे कोणी सांगत असेल तर पालकांनी तेथून सरळ उठून यावे. पहिल्या लेव्हललाच बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक उमेदवार सहसा अनुत्तीर्ण होतात आणि जुलै २०२१ च्या परीक्षेत तर जेमतेम २२ टक्के उत्तीर्ण झाले होते.

खर्चाचाही विचार उघडपणे व्हायला हवा. पहिल्या लेव्हलचे शुल्कच हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या पैशांत लाखाच्या घरात जाते आणि नोंदणीला उशीर केला तर ते वाढते. त्यावर क्लासची फी, आणि परीक्षा केंद्रासाठी बहुतेकांना पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागत असल्याने प्रवास आणि मुक्कामाचा खर्च येतो. आर्थिक अडचण असलेल्यांसाठी खुद्द संस्थेची 'ॲक्सेस' नावाची शिष्यवृत्ती आहे, महिलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि त्यांतून शुल्क बरेच कमी होते. मात्र अर्ज परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी करावा लागतो. घाईने शुल्क भरून टाकल्यावर हे कळले आणि हळहळण्यावाचून काही उरले नाही, असे माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडले आहे. एका खासगी क्लासने तर वर्षाची फी आगाऊ घेतली आणि शिकवणारे शिक्षक सोडून गेल्यावर मुलांची केवळ रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर बोळवण केली. नोंदणी केलेल्या प्रत्येक उमेदवाराला अभ्यासक्रम, सराव प्रश्न आणि सराव परीक्षा संस्थेकडूनच ऑनलाइन मिळतात. तेव्हा आधी हे साहित्य महिनाभर वाचून पाहावे आणि मगच क्लासची गरज आहे का, ते ठरवावे.

येथेच आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. गुंतवणुकीच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने सीएफएच करावे असे मुळीच नाही. निपाणीत, चिकोडीत किंवा खानापुरात राहून लोकांना म्युच्युअल फंडाची सेवा द्यायची असेल, तर शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांसाठीची परीक्षा त्यासाठी आहे. दोन तासांत १०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ५० गुण आणि शुल्कही सामान्य कुटुंबाला झेपणारे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते आणि त्याच्या आधारे पुढे ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी करता येते. याच संस्थेची गुंतवणूक सल्लागारांसाठीची परीक्षा अधिक कठीण आहे. तिथे ६० टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात. ज्याला शेअर संशोधन, निधी व्यवस्थापन किंवा मोठ्या वित्तसंस्थेत विश्लेषक म्हणून काम करायचे आहे त्याने सीएफएकडे वळावे. मुलाचा कल न पाहता, केवळ नाव मोठे म्हणून त्याला या वाटेला लावणाऱ्या पालकांना मी अनेकदा एनआयएसएमच्या परीक्षेपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला आहे आणि त्या मुलांचे त्यात भलेच झाले आहे.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. संस्था स्वतः एका लेव्हलसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास सुचवते. आकडा ऐकून मुले दबकतात, पण उद्यमबागेतील कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या मुलाने आठवड्यातील पाच दिवस संध्याकाळी दीड तास आणि रविवारी पाच तास दिले तर आठवड्याला साडेबारा तास होतात आणि २४ आठवड्यांत ३०० तास पूर्ण होतात. फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी श्रावणात सुरुवात केली तर गणपती-दिवाळीचे दिवस धरूनही हे गणित जमते. अडचण तासांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वाटणीत आहे. बहुतेक मुले संख्यात्मक पद्धती या प्रकरणावर दोन-दोन महिने घालवतात, कारण ते सुरुवातीलाच येते. त्याचे वजन मात्र सहा ते नऊ टक्के एवढेच आहे. वित्तीय विवरणांचे विश्लेषण, शेअर आणि रोखे या तीन विषयांना प्रत्येकी ११ ते १४ टक्के वजन आहे आणि व्यावसायिक नीतिमत्ता या एकट्या विषयाला १५ ते २० टक्के. हा शेवटचा विषय 'वाचला की येतो' असे समजून परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकलला जातो, तो अनुभव पुढे सांगतोच.

वित्तीय विवरणांच्या बाबतीत आपल्या बी.कॉम.च्या मुलांना फाजील आत्मविश्वास असतो. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक आपण केलेलेच आहे, असे त्यांना वाटते. परंतु या परीक्षेत आंतरराष्ट्रीय लेखा मानके आणि अमेरिकी लेखा पद्धती या दोन्ही शेजारी ठेवून प्रश्न विचारतात. शेवटी आलेला माल आधी विकला असे धरून साठ्याचे मूल्य काढण्याची लिफो पद्धत अमेरिकेत चालते, आंतरराष्ट्रीय मानकांत तिला मनाई आहे. नव्या उत्पादनाच्या विकासावर झालेला खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्यास आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो, अमेरिकी पद्धतीत तो सामान्यतः त्याच वर्षी खर्ची टाकला जातो. एकाच कंपनीचा नफा त्यामुळे दोन प्रकारे दिसतो आणि प्रश्न नेमका त्या फरकावर असतो. जर्नल एंट्री पाठ असून तेथे भागत नाही.

कॅल्क्युलेटरचे उदाहरण थोडे बारकाईने सांगतो, कारण तेथे तयार मुलांचेही गुण जातात. परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपी १२सी हे दोनच कॅल्क्युलेटर, त्यांच्या सुधारित आवृत्त्यांसह, चालतात. आपल्याकडे बहुतेक जण पहिला घेतात. नवा कॅल्क्युलेटर डब्यातून काढून दोन अधिक तीन गुणिले चार असे दाबले तर उत्तर १४ यायला हवे, ते २० येते, कारण तो मुळात कळा दाबल्या त्याच क्रमाने हिशेब करण्याच्या पद्धतीवर लावलेला असतो. ती पद्धत बदलून एओएस, म्हणजे गणिताच्या नियमाप्रमाणे आधी गुणाकार करणारी, करावी लागते. पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोनच आकडे दिसतात, तेही वाढवून घ्यावे लागतात. वडगावच्या एका विणकर कुटुंबातील विद्यार्थिनी सराव परीक्षेत रकमेच्या कालमूल्यावरचे प्रश्न ओळीने चुकत होती. सूत्रे तिला चोख येत होती. पाहिले तर आदल्या दिवशी विम्याच्या हप्त्याचे, म्हणजे वर्षाच्या आरंभी भरल्या जाणाऱ्या रकमेचे उदाहरण सोडवताना कॅल्क्युलेटर बीजीएन स्थितीत ठेवला होता आणि तो तसाच राहिला होता. दर वर्षअखेरीस हजार रुपये, पाच वर्षे, दहा टक्के दर, तर शेवटी ६,१०५ रुपये १० पैसे जमतात. त्या स्थितीत उत्तर ६,७१५ रुपये ६१ पैसे आले आणि तेही तीन पर्यायांत होते. नेहमी होणाऱ्या चुकांमधूनच चुकीचे पर्याय तयार केले जातात, म्हणून 'उत्तर पर्यायांत सापडले' यावर समाधान मानून चालत नाही. कॅल्क्युलेटर पहिल्याच आठवड्यात विकत घ्यावा आणि दुकानातल्या साध्या हिशेबासाठीसुद्धा तोच वापरावा, म्हणजे बोटांना कळांची सवय होते.

संकल्पना समजावून देण्यासाठी आपल्या जिल्ह्याइतके जिवंत साहित्य दुसरीकडे शोधावे लागत नाही. गल्लोगल्ली पतसंस्था आणि सौहार्द संस्था आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर 'दामदुप्पट' हा शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. पाच वर्षांत दामदुप्पट म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर किती, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी काढायला लावतो. आजची रक्कम एक, पाच वर्षांनंतरची दोन, मुदत पाच, उत्तर १४.८७ टक्के. मग बँकेच्या सात टक्के व्याजाने रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते काढतात, तर दहा वर्षांहून थोडा अधिक. या दोन दरांत जवळजवळ आठ टक्क्यांचा फरक आहे. तो का दिला जातो, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मग एखादा सांगतो की बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. त्या क्षणी त्या मुलाला रोख्यांच्या विषयातील पत जोखीम, म्हणजे पैसे घेणारा ते बुडवण्याचा धोका, समजलेली असते. तो विषय पुढे तो इंग्रजीत वाचतो आणि उत्तरही इंग्रजीतच देतो, पण अर्थ त्याच्या घरच्या ठेव पावतीवरून त्याच्या मनात बसलेला असतो. माझा आग्रह आहे की मुलांनी शिकलेला प्रत्येक धडा त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून एकमेकांना मराठीतून समजावून सांगावा. जिथे सांगताना अडखळतो, तिथे समजलेले नाही असे धरावे.

इंग्रजी वाचनाचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. घरी मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना प्रश्न कळत नाही असे नाही. दीड मिनिटात तो पुरता वाचून होत नाही. 'सर्वांत कमी शक्य' काय, असे विचारलेले असताना ती सर्वांत जास्त शक्य असलेला पर्याय निवडून मोकळी होतात. याला रोज पंचवीस-तीस प्रश्न घड्याळ लावून सोडवणे हाच उपाय आहे.

नीतिमत्तेच्या विषयाकडे वळतो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात आचारसंहितेबरोबर सात मानके आहेत आणि प्रश्न प्रसंगांवर असतात. आपल्या गावातच घडू शकेल असा प्रसंग घ्या. एका विश्लेषकाला लग्नाच्या पंगतीत त्याचा मेहुणा सांगतो की आपल्या कंपनीला मोठे कंत्राट मिळाले आहे, पण ते अजून जाहीर झालेले नाही. विश्लेषकाने शेअर घ्यावा का, ग्राहकांना सुचवावे का, की काहीच करू नये? माहिती महत्त्वाची आहे आणि सार्वजनिक झालेली नाही, तेव्हा तिच्या आधारे त्याने स्वतः व्यवहार करायचा नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचा नाही. आमच्या मुलांना हे उत्तर पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे नात्यातून कळलेली बातमी हा हक्काचा लाभ समजला जातो. म्हणूनच हा विषय आदल्या आठवड्यावर ठेवून चालत नाही. पहिल्या महिन्यापासून दर रविवारी चार-पाच प्रसंगांवर चर्चा व्हावी लागते.

ही मानके उमेदवारालाही लागू होतात, हे तर अनेकांच्या गावीही नसते. परीक्षा देऊन बाहेर आल्यावर कोणते प्रश्न आले ते व्हॉट्सॲपवर टाकणे ही आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. येथे तो नियमभंग आहे आणि त्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पहिली लेव्हल उत्तीर्ण झाल्यावर नावापुढे सीएफए लावणे किंवा 'सीएफए लेव्हल वन' अशी जणू पदवी मिरवणेही नियमात बसत नाही, कारण अर्धवट सनद अशी काही गोष्टच नाही. 'गेल्या परीक्षेत आलेले प्रश्न आमच्याकडे मिळतील' असे सांगणाऱ्या क्लासपासून मुलांनी दूर राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लोकांचे पैसे सांभाळण्याचे काम ज्याला करायचे आहे, त्याने त्या कामाची सुरुवात चोरलेल्या प्रश्नांनी करणे मला सहन होत नाही.

शेवटच्या सहा आठवड्यांत पूर्ण सराव परीक्षा द्याव्या लागतात आणि नेमके येथे आपल्या मुलांचे अडते. शहापूर, वडगाव किंवा खासबागेतील दोन खोल्यांच्या घरात, शेजारी माग चालू असताना, सव्वादोन तासांची दोन सत्रे अखंड बसून देणे कसे शक्य आहे? मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी सोडवलेले प्रश्न म्हणजे विहिरीच्या काठावर बसून केलेला पोहण्याचा सराव होय. माझ्या अनुभवात, विषय येत असूनही दुसऱ्या सत्रातच मुले ढेपाळतात, कारण इतका वेळ संगणकासमोर बसून विचार करण्याची सवयच त्यांना लागलेली नसते. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नसतो; तरीही वेळेचे भान सुटल्यामुळे शेवटचे दहा-बारा प्रश्न कोरे ठेवून उठणारी मुले मी पाहिली आहेत.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या करतो. बेळगावला वाचनालयांची जुनी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. येथील वाचनालयांनी अभ्यासिकेचा एक कोपरा रात्री दहापर्यंत या मुलांसाठी उघडा ठेवावा आणि तेथे हळू आवाजात चर्चा करण्याची मुभा द्यावी. वाणिज्य महाविद्यालयांच्या चालकांना विनंती अशी की, रविवारी रिकामा असणारा संगणक कक्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत, म्हणजे प्रत्येक परीक्षेच्या आधीचा महिनाभर, सराव परीक्षेसाठी द्यावा. सकाळी एक सत्र, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी आणि पुन्हा एक सत्र, एवढीच व्यवस्था लागते. बाहेरच्या कॉलेजच्या मुलांनाही तेथे प्रवेश असावा, कारण खानापूर आणि हुक्केरीहून येणाऱ्यांना दुसरी सोय नाही. निपाणी-संकेश्वरच्या मुलांना कोल्हापूर जवळ पडते, तरी तेथील शिक्षणसंस्थांनीही हा विचार करावा.

पुण्यात आणि बंगळुरात वित्तसंस्थांमध्ये काम करणारे, यांपैकी एक-दोन लेव्हल किंवा संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण झालेले आपले अनेक तरुण गणपतीला आणि दिवाळीला घरी येतात. त्यांनी त्या सुट्टीतील एक दुपार नव्या विद्यार्थ्यांसाठी काढली तर रोखे आणि नीतिमत्ता हे दोन विषय ते कोणत्याही क्लासपेक्षा चांगले शिकवतील, याची मला खात्री आहे. एखाद्या संस्थेने संगणक कक्षाची परवानगी दिली, तर सराव परीक्षेच्या वेळी देखरेख करण्याची आणि नंतर चुकलेल्या प्रश्नांची चर्चा घेण्याची जबाबदारी मी व माझे सहकारी कोणताही मोबदला न घेता स्वीकारू. येत्या फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी जानेवारीतील चारही रविवार मिळाले तरी पुरेसे होईल.

आपला नम्र,
वाणिज्य शाखेचा एक शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव